केळी, कपाशी, सिकलसेल: ‘अमक्याचं जनुक’ हा विचार कुठवर पुरतो?

तापीकाठ (जळगाव)

उंचीचं जनुक सापडलं, मधुमेहाचं जनुक सापडलं, अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा बातम्यांनी आपल्या विचारात मोठा गोंधळ घातलाय. आधी जनुक, मग त्याच्या हुकमाने झाड किंवा माणूस, इतकी सरळ रेघ निसर्गात फार कमी ठिकाणी दिसते. जनुक स्वतःहून काही करत नाही. पेशी ते वापरते. कुठलं जनुक कधी वाचायचं, किती वाचायचं, त्यातले कुठले तुकडे जोडायचे, हे पेशीची त्या वेळची अवस्था ठरवते. आणि ती अवस्था आधी वाचलेल्या जनुकांतून, शेजारच्या पेशींतून, अन्नातून, हवामानातून घडलेली असते. सिस्टम्स बायॉलॉजी या अख्ख्या वर्तुळाचा अभ्यास करते.

उंचीचंच घ्या. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीशी संबंध असलेल्या १२,१११ जागा त्यात सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकाचा जेमतेम ४० टक्के भाग उलगडतो. इतर वंशांच्या लोकांत त्याहूनही कमी. बारा हजार जागांपैकी ‘उंचीचं जनुक’ कुठल्या एकीला म्हणायचं?

दुसरं उदाहरण हृदयाचं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबल यांनी १९६० साली लंडनमध्ये हृदयाच्या पेशीचं गणिती मॉडेल संगणकावर चालवलं. पुढे ते ऑक्सफर्डला गेले. त्या मॉडेलमध्ये ठोका पाडणारा असा वेगळा घटक कुठेच नव्हता. पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलला की आयनांचे (विद्युतभारित कणांचे) मार्ग उघडतात आणि मिटतात, ते उघडले-मिटले की दाब पुन्हा बदलतो. या देवाणघेवाणीतून लय आपोआप उभी राहिली. दाब एका जागी धरून ठेवला की लय थांबते, प्रथिनं तीच असली तरी. प्रत्येक मार्गाचं प्रथिन जनुकावरूनच बनतं, ते कोणी नाकारत नाही, पण लय एकाही जनुकात लिहिलेली नाही. इवाब्रॅडीन हे औषध यातला एक मार्ग अडवतं. त्याने ठोके मंदावतात, पण हृदय चालू राहतं, कारण उरलेले मार्ग सांभाळून घेतात.

आपल्या भागातली काय उदाहरणं दिसतात, ते या धाग्यावर लिहा. शेतकरी, दवाखान्यात काम करणारे, विद्यार्थी, सगळ्यांनी. मला केळीपासून सुरुवात झालेली आवडेल.

केळीबाग (रावेर)

सर, मग मीच सुरुवात करतो. आमच्याकडे सगळी ग्रँड नैन जातीची केळी, टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली). एकाच मातृझाडापासून काढलेली रोपं, म्हणजे जनुकं सारखीच असणार. तरी तेच रोप मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावलं तर एक गत आणि कांदेबागेत (पावसाळा संपतानाची लागवड) लावलं तर दुसरी. कांदेबाग थंडीत सापडली की पानं यायची थांबतात, निसवण (घड बाहेर पडणं) लांबते, आणि थंडी जास्त पडली तर घड खोडातच अडकतो. हा फरक हवामानाचा, हे समजतं.

पण एकाच बागेत, एकाच ड्रिपच्या लाइनवर, शेकड्यात एखाददुसरं झाड वेगळंच निघतं. बुटकं, पानं जवळजवळ, घडाला फण्या कमी. हरण्या, करपा असला कुठला रोग नाही. पाणी तेच, खत तेच. ते कशामुळे?

भरीतवाला (पुणे, मूळ बामणोद)

फक्त एक भर. आमच्याकडचं भरताचं वांगं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं बी नातेवाइकांनी पुण्याजवळ लावलं. वांगी आली, पण ती चव नाही आणि भाजल्यावर तसा मऊ गरही नाही. जुनी माणसं ‘आपली जमीनच वेगळी’ म्हणायची ते मला आता पटतं.

तापीकाठ (जळगाव)

भरीतवाला भाऊ, मानांकन बियाण्यापुरतं नसतं, ते मुलखालाही दिलेलं असतं, त्यामागे हाच अनुभव आहे.

केळीबाग भाऊ, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, सविस्तर लिहितो.

टिश्यूकल्चरमध्ये काही रोपं वेगळी निघतात हे जगभर माहीत आहे. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. कधी डीएनएच्या अक्षरांतच बदल होतो, कधी गुणसूत्रांची संख्या बिघडते. ग्रँड नैनमध्ये गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. पण तिसरी एक शक्यता आहे आणि तिचा सगळ्यात चांगला पुरावा तेलताडात मिळाला.

मलेशियात उत्तम उत्पादन देणाऱ्या तेलताडाची टिश्यूकल्चरने लाखो रोपं करायची असं ठरलं होतं. त्यातली काही झाडं मोठी झाल्यावर विचित्र फळं देऊ लागली, तेल अगदी कमी. नर्सरीत रोप बघून काही ओळखू येत नव्हतं. चांगल्या आणि बिघडलेल्या झाडांचा डीएनए ताडून पाहिला तर अक्षरं तीच! हे कोडं २०१५ साली सुटलं. फुलाची घडण ठरवणाऱ्या एका जनुकाच्या आत कर्मा नावाचा जुना उडता तुकडा (जागा बदलू शकणारा डीएनए) बसलेला असतो. चांगल्या झाडात त्यावर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात आणि त्या त्याला गप्प ठेवतात. प्रयोगशाळेतल्या बाटलीत पेशी पुन्हापुन्हा वाढवताना काही रोपांत या खुणा पुसल्या गेल्या. मग पेशी तेच जनुक वाचताना चुकीच्या ठिकाणी तुकडे जोडू लागली. अक्षर एकही बदललं नाही, तरी झाड वाया गेलं. काही ताडांत तर पुढे फळं पुन्हा नीट येऊ लागल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या बुटक्या केळीत नेमकं हेच झालंय असं मी म्हणणार नाही. पण रोपं एकसारखी आहेत का हे तपासणाऱ्या नेहमीच्या मार्कर चाचण्या अक्षरांचा क्रम बघतात, त्यांना मिथाइलच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून चाचणीत पास झालेलं रोपही शेतात वेगळं वागू शकतं.

जनुकवेडी (राहुरी, मूळ धुळे)

सर, मी वनस्पती पैदास शास्त्रात पीएचडी करते आहे. तुमची उदाहरणं खरी आहेत, पण धाग्याचा सूर मला मान्य नाही. असं वाचून एखाद्याला वाटेल की जनुकांचं महत्त्व उगाच वाढवून ठेवलंय.

भाताचं एक उदाहरण देते. ओडिशातल्या एका जुन्या वाणात पुराखाली तग धरण्याची ताकद होती. ती मुख्यतः एकाच जनुकामुळे आहे हे २००६ मध्ये स्पष्ट झालं, त्याचं नाव सब-१-ए. ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात मार्करच्या (डीएनएतल्या ओळखखुणांच्या) मदतीने आणलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब-१ शेतकऱ्यांच्या हातात आलं. साधा स्वर्णा पाण्याखाली सडतो, तिथे हा वाण दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो. चव, दाणा, कालावधी सगळं स्वर्णाचंच, फरक एका जनुकाचा. ओडिशातल्या किंवा बिहारमधल्या शेतकऱ्याला ‘जनुक हे कारण नाही’ असं सांगायला मी तरी जाणार नाही.

पेशी जनुकं वापरते म्हणता, मग पेशीची यंत्रणा कुठल्या माहितीवरून बनते? शेवटी डीएनएच. आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतं तेही डीएनएच. हवामान बदलतं, पेशी मरतात, डीएनए पुढे जातो. म्हणून त्याला वेगळं स्थान द्यावंच लागेल.

तापीकाठ (जळगाव)

ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी तुमचंच उदाहरण थोडं पुढे नेतो.

सब-१-ए करतं काय? पाण्याखाली भातात इथिलीन हा वायुरूप संप्रेरक साठतो आणि एरवी रोप घाईने उंच वाढायला लागतं. सब-१-ए ही वाढ थांबवतं. रोप साखर राखून गप्प बसतं, पाणी ओसरलं की उठतं. आता खोल पाण्यातले भात बघा. २००९ मध्ये त्यांच्यात स्नॉर्केल नावाची दोन जनुकं सापडली, सब-१-ए च्याच कुळातली. तीही इथिलीननेच जागी होतात, पण काम अगदी उलटं करतात. रोपाला भराभर वाढवून पाण्याच्या वर काढतात. एकाच कुळातली जनुकं, एकच संकेत, निकाल विरुद्ध. आणि यातलं ‘चांगलं’ कुठलं हे पूर ठरवतो. पाणी दहा दिवसांत उतरणार असेल तर गप्प बसणारा वाण जगतो. महिनोन्‌महिने उभं राहणार असेल तर त्याच वाणाचा टिकाव लागत नाही.

पुराखालचा तो फरक एका जनुकामुळे पडला, हे शंभर टक्के बरोबर. पण तो फरक दाखवायला बाकी सगळं स्वर्णाचं, तयार असलेलं, जागेवर होतं. दोन वाणांतल्या फरकाचं कारण सापडलं म्हणजे रोपाच्या त्या गुणाचं पूर्ण कारण सापडलं असं होत नाही. ‘जनुक’ हा शब्द १९०९ मध्ये जगाला देणाऱ्या विल्हेल्म योहान्सेन यांनी हे घेवड्यावर दाखवलं होतं. एकाच शुद्ध वाणातला मोठा दाणा पेरा किंवा बारीक दाणा पेरा, पुढच्या पिढीची सरासरी सारखीच येते. दाण्यांतला तो फरक वारशाचा नव्हताच. वारसा आणि दिसणारा गुण यांत अंतर राखा, हे या शास्त्राच्या पायाशीच आहे, आपण ते मध्ये कुठेतरी विसरलो.

डीएनए टिकतो याबद्दल: तो एकटा टिकत नाही. नक्कल करणारं प्रथिन सुरुवातीला साधारण लाखात एक अक्षर चुकवतं. तपासणी आणि दुरुस्ती करणारी पेशीची यंत्रणा ते प्रमाण शंभर कोटीत एक किंवा त्याहूनही कमी करते. शिवाय पुढच्या पिढीत नुसता डीएनए जात नाही, भरलेली जिवंत अंडपेशी जाते.

जनुकवेडी (राहुरी, मूळ धुळे)

ती दुरुस्तीची यंत्रणाही जनुकांवरूनच बनते, सर. स्नॉर्केलचं उदाहरण मात्र मी वर्गात वापरणार आहे.

कपाशीवाला (धरणगाव)

सर, बठ्ठं वाचं. मना बी एक प्रश्न शे. पुढचं पुस्तकी मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

बीटी कपाशी आली तेव्हा आम्हाला सांगितलं, आता बियाण्यातच औषध आहे. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीची फवारणी खरंच वाचली. आता डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) दिसतात, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जनुक तर तेच आहे ना बियाण्यात? की ते झिजलं?

जनुकवेडी (राहुरी, मूळ धुळे)

दादा, हा माझ्या जवळचा विषय, मीच लिहिते. आणि खरं सांगायचं तर इथे सरांचीच बाजू बळकट होते.

जनुक झिजलेलं नाही. अळीला मारणारं विष बनवणारं क्राय-१-एसी हे जनुक भारतात २००२ मध्ये आलं, २००६ मध्ये सोबत क्राय-२-एबी आलं. दोन्ही आजही बियाण्यात आहेत. पण झाडाचं प्रत्येक अंग हे विष सारख्या प्रमाणात बनवत नाही. क्राय-१-एसी पानात जास्त असतं, फुलाच्या बीजकोषात आणि बोंडाच्या सालीत कमी. पेरणीनंतर दिवस जातील तसं ते उतरतं, पाण्याचा ताण पडला तर आणखी. म्हणजे गुलाबी अळी जिथे खाते आणि जेव्हा खाते, नेमकं तिथे आणि तेव्हा विष कमी.

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. झाड बीटी असतं, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते आणि तिच्यात जनुकं वाटली जातात. एक जनुक असेल तर चारातली एक सरकी बिनविषाची. दोन असतील तर सोळातली एक पूर्ण बिनविषाची आणि सहा एकाच विषाच्या. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कमी-जास्त विषाचं जेवण मिळतं, आणि प्रतिकारशक्ती तयार व्हायला ही परिस्थिती अगदी अनुकूल.

तिसरी गोष्ट, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी. नोव्हेंबरनंतर कपाशी काढली असती तर अळीला खायला उरलं नसतं. आपण पाणी देऊन ती उन्हाळ्यापर्यंत ओढली. आणि विषाला न सरावलेल्या अळ्याही उराव्यात म्हणून नॉन-बीटीचं पाकीट बांधाला लावायचं होतं, ते बहुतेक ठिकाणी लागलंच नाही.

अमेरिकेत कीटक तोच आणि जनुकंही तीच. पण तिथे सरळ वाण, म्हणजे सगळी सरकी विषारी. सुरुवातीची अनेक वर्षं नॉन-बीटीच्या ओळी पाळल्या, पुढे वांझ पतंग सोडले, नर पतंगांना चकवणारा कामगंध वापरला. २०१८ मध्ये त्यांनी कपाशी पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. एकाच जनुकाची ही दोन टोकं मला रोज छळतात. आपण जनुक विकत घेतलं, पण ते ज्या व्यवस्थेत काम करणार होतं ती उभी केली नाही.

कपाशीवाला (धरणगाव)

सोळातली एक, हे आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराने नाही, पाकिटावर नाही. गावात बैठक लावतो ताई, फरदडीचं पहिलं मांडतो.

सातपुडा_सिस्टर (धडगाव)

मी आरोग्य विभागात परिचारिका आहे. तुमची चर्चा वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे एका अक्षराचा आजार आहे आणि तो मी रोज बघते.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा पाड्यांवर घरोघरी तपासणी चालते. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं आणि बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढाच बदल. ‘एका जनुकाचा आजार’ याहून सरळ सापडणार नाही. तरी एकाच घरात एसएस पॅटर्नचे (जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या) दोन भाऊ असतात. एकाला वर्षातून अनेकदा हाडं फुटल्यासारख्या वेदना, रक्त चढवावं लागतं. दुसरा रोजंदारीला जातो. अक्षर तेच.

थंडी, ताप, जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणं, अंगमेहनत, यांनी झटका येतो हे आम्ही शिकवतो. पण दोन भाऊ एकाच झोपडीत राहतात, एकच भाकर खातात, मग? सर, याचं उत्तर हवंय. आणि दुसरं, आई मला विचारते, ‘माझ्या रक्तामुळे झालं का?’ घरातले तिलाच बोल लावतात.

तापीकाठ (जळगाव)

सिस्टर, तुमच्यासमोर मी विद्यार्थीच आहे, पण जे माहीत आहे ते सांगतो.

आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही खोट नसते. जन्मानंतर ते बनणं हळूहळू बंद होतं. काही माणसांत मात्र ते मोठेपणीही बऱ्यापैकी बनत राहतं, आणि ते जितकं जास्त तितक्या तांबड्या पेशी कमी वाकड्या होतात. ते किती बनेल यावर दुसऱ्या अनेक जनुकांचा प्रभाव असतो. शिवाय एखाद्याला सोबत अल्फा थॅलेसिमिया (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष) असेल तर त्याने चित्र आणखी बदलतं, आणि आदिवासी समाजांत तो बऱ्याच जणांत आढळतो. दोन भावांना या बाबतीत आईबापांकडून वेगवेगळा वाटा मिळालेला असू शकतो. भारतात आढळणाऱ्या सिकलच्या प्रकारात हे गर्भातलं हिमोग्लोबिन सरासरीने जास्त असतं. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं मात्र कोणी धरू नये, तीव्र त्रास होणारे रुग्ण मध्य भारतात भरपूर आहेत.

तुम्ही देता ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी बदललेल्या अक्षराला हात लावत नाही, ती गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जनुक-संपादनाची पहिली उपचारपद्धतीही ते अक्षर दुरुस्त करत नाही! गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारं बीसीएल-११-ए नावाचं जनुक आहे. त्याचं रक्तपेशीतलं बटण तोडते, आणि जुनं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. आजाराचं कारण एका जागी, उपाय भलत्याच जागी. अख्खी यंत्रणा समजली म्हणूनच हा रस्ता सापडला.

बोल लावण्याबद्दल फार मनापासून सांगतो. एसएस मूल होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून तेच जनुक यावं लागतं. दोघं एएस (एकच प्रत बदललेली) असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता. आणि एएस माणसाला लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिलं. ज्या जंगलात पिढ्या वाढल्या तिथे याच जनुकाने पुष्कळ मुलं जगवली आहेत. ते कुणाचा दोष नाही.

चोपडेकर_कोडर (पुणे)

मी जीवशास्त्राचा नाही. हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असेल तर गणित करता येतं का, की ‘सगळं सगळ्यावर अवलंबून’ म्हणून हात टेकायचे?

जनुकवेडी (राहुरी, मूळ धुळे)

करता येतं, पण महाग आहे. २०१२ मध्ये मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या सव्वापाचशे जनुकांच्या जंतूची अख्खी पेशी संगणकावर उभी केली होती. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास, २०१२ मध्येच वाचलेल्या रानकेळीच्या डीएनएत ३६ हजारांवर. नुसत्या संख्येवरून जीव किती गुंतागुंतीचा ते कळत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

यीस्टचं काम मला सगळ्यात शिकवून गेलं. त्याच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी एकेक काढून बघितलं. भरपूर खायला दिलं तर पाचातली चार जनुकं अशी, की त्यातलं कुठलंही एक काढलं तरी यीस्ट जगतं. तेव्हा वाटलं ही निकामी असावीत. मग २००८ मध्ये त्याच यीस्टला शेकडो वेगवेगळ्या रसायनांत आणि उपासमारीत वाढवलं, तर जवळजवळ प्रत्येक जनुकाची गरज कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत दिसली. या मुद्द्यावर सर आणि मी एकत्र आहोत. परिस्थिती सांगितल्याशिवाय जनुकाचं काम सांगता येत नाही. डीएनएचं स्थान खास आहे की नाही, यावर मी अजून माझ्याच जागेवर आहे.

तापीकाठ (जळगाव)

राहा ताई. त्या वादावर या क्षेत्रातले मोठे लोकही एकमत नाहीत, आणि पैदास करणाऱ्याला जनुक घट्ट धरूनच काम करावं लागतं.

सातपुडा_सिस्टर (धडगाव)

सर, ‘आई-बाप दोघांकडून’ आणि ‘हिवतापातून जगवलं’ हे दोन मुद्दे मी पावरीत लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात आशाताईंच्या बैठकीत वाचणार आहे. एक अडचण आहे. हिवतापाचं सांगितलं की एएसवाले मच्छरदाणी सोडून देतील का?

तापीकाठ (जळगाव)

फार महत्त्वाचं विचारलंत. एएसलाही हिवताप होतो, फक्त जीवघेण्या थराला जाण्याचं प्रमाण बरंच कमी. आणि एसएस मुलाला हिवताप झाला तर तो सगळ्यात धोक्याचा. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा आणि मच्छरदाणी आधी सांगा.

केळीबाग (रावेर)

सर, ताई, माझ्या बुटक्या झाडांचं काय करू? कापून टाकणार होतो.

जनुकवेडी (राहुरी, मूळ धुळे)

सगळी कापू नका दादा. व्हायरसची लक्षणं नाहीत याची आधी जवळच्या केळी संशोधन केंद्रातून खात्री करून घ्या, कारण व्हायरस असेल तर झाड ठेवणं शेजारच्या बागेलाही महागात पडेल. ते नक्की झालं की दोन-तीन बुटकी झाडं आणि शेजारची तितकीच चांगली झाडं खुणेची चिठ्ठी बांधून ठेवा. प्रत्येकाचं एकच पिल (बुंध्यातून फुटणारं नवं रोप) राखा. निसवणीची तारीख, फण्या, घड किती किलोचा, हे दोन्हीकडे लिहा. पिलबागेत बुटक्याचं पिल नीट वाढलं तर कारण बहुधा त्या जागेचं किंवा त्या हंगामाचं. तेही बुटकंच निघालं तर बदल झाडाच्या आत बसलाय. तो अक्षरांतला की खुणांमधला हे पानाच्या नमुन्यावरून प्रयोगशाळेत बघावं लागेल. नमुना कसा काढायचा ते मी कळवते.

केळीबाग (रावेर)

चिठ्ठ्या उद्याच बांधतो. पिलं निघायला लागलीच आहेत.